एका बोटाचे पाणी

नेंगाह रिदेग एकाहत्तर वर्षांचा आहे. उमा पुले गावात त्याच्याइतके पाणी कोणाला कळत नाही, असे सगळे म्हणतात. सकाळी उठून कॉफी प्यायची, कमरेला विळा खोचायचा आणि बांधाबांधाने पाटाच्या शेवटापर्यंत जायचे, हा त्याचा चाळीस वर्षांचा नेम. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोके तो चालता चालता टाचेने बुजवतो. कुठे गवत अडकून पाणी तुंबले असेल तर काढून टाकतो, मग ते खाचर कोणाचे का असेना. शेवटच्या वाटपाच्या लाकडापाशी तो थांबतो. बायकोने, सुक्रीने, दिलेली फुलांची छोटी परडी कडेला ठेवतो, दोन थेंब पाणी शिंपडतो आणि बसून राहतो. पूजेला लागतो त्याहून बराच जास्त वेळ.

हे लाकूड म्हणजे पाटात आडवा टाकलेला फणसाचा ओंडका. त्याच्या वरच्या अंगाला सारख्या खोलीच्या खाचा, ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे रुंद. माप बोटांचे. कोणाचे चार बोटे पाणी, कोणाचे आठ. एका पाटावर भात पिकवणाऱ्या आमच्या मंडळात, सुबाकात, एकशे चाळीस घरे आहेत. भांडायला कारण शोधावे लागत नाही. बदके शिरली, उंदीर आले, कोणी लावणी आधी उरकली, सगळ्यांवरून होते. लाकडाशी मात्र कोणी भांडत नाही. लाकडाने दिले ते देवीने दिले.

शेवटच्या लाकडाला दोनच खाचा. एक केतुत गेजिरची, चार बोटांची. दुसरी रिदेगची, पाच बोटांची. दोघांची जमीन सारखीच, पण रिदेगची खाचरे दूर, वाटेत पाणी मुरते, म्हणून त्याला एक बोट वाढीव. रिदेगच्या बापाच्या वेळी सभेने तसे ठरवले होते.

प्रत्यक्षात चाळीस वर्षे रिदेगची खाच सहा बोटांची होती. ही गोष्ट एकट्या रिदेगला ठाऊक होती, कारण ती खाच त्यानेच पाडली होती.

लाकडे कोरायचे काम त्याच्या घरात बापापासून आले. तो एकतीस वर्षांचा असताना पुरात शेवटचे लाकूड वाहून गेले आणि बाप अंथरुणाला खिळलेला होता, म्हणून पहिल्यांदा रिदेगने पटाशी हातात घेतली. नवे लाकूड नेहमी जुन्याशेजारी ठेवून, त्यावरून खुणा करून कोरतात. जुने लाकूडच नव्हते, तेव्हा बापाने बांबूची मापकाडी दिली. तिच्यावर बोटांच्या रेघा होत्या. गेजिरची खाच नीट उतरली. स्वतःची खाच पाडताना पाचव्या रेघेजवळ लाकडात आतून भेग होती. मोगरीचा एक घाव बसला आणि कडेची ढलपी उडाली. कड सारखी करता करता खाच एका बोटाने रुंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूड बसवायचे होते. पुजाऱ्याने दिवस काढून दिला होता, नैवेद्याची ताटे सजली होती, बदक कापून झाले होते. दुसरा ओंडका तोडून आणायचा म्हणजे पुढचा दिवस मिळेपर्यंत दोन आठवडे, आणि रोपे तर लावणीला आलेली. रिदेगने ठरवले, पुढच्या लाकडाला दुरुस्त करू. लबाडी करायची म्हणून त्याने ते केले नाही. लबाडी नंतर आली.

ती अकरा वर्षांनी आली, तो लाकूड बदलायला लागला तेव्हा. या वेळी जुने लाकूड शाबूत होते. चार माणसे देखरेखीला बसली होती. त्याने नवा ओंडका जुन्याशेजारी ठेवला आणि रेघेला रेघ जुळवून खुणा केल्या. कोणी नाव ठेवावे असे त्यात काहीच नव्हते. मापकाडी घरी, भाताच्या कोठाराच्या आढ्याला खोचलेली होती. ती काढली असती तर अकरा वर्षांचे उत्तर द्यावे लागले असते. रिदेग म्हणतो, त्या दिवशी त्याच्या हाताला घाम आला नाही, याचेच त्याला पुढे नवल वाटत राहिले.

एक बोट म्हणजे फार नाही. हिशेब केला तर गेजिरच्या दर दहा घागरींतली एक घागर रिदेगकडे जात होती. बऱ्या पावसाच्या वर्षी ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गेजिर म्हणायचा, माझ्या खाचराला तहान जास्त. बायको म्हणायची, तहान खाचराला नाही, तुला आहे, आणि ताडीच्या बांबूकडे बघायची.

बावीस वर्षांपूर्वी मात्र पाऊस ओढला. ओंब्या भरायच्या वेळेला गेजिरच्या खाचरांना भेगा पडल्या. एके दिवशी पहाटे फटफटताना त्या वेळचे पेकासेह, म्हणजे सुबाकाचे प्रमुख, पाट बघत आले, तर गेजिर पाण्यात वाकलेला. रिदेगच्या खाचेत त्याने पेंढ्यात गुंडाळलेला एक दगड बसवला होता. लाकडाला हात लावणे हा आमच्याकडचा सगळ्यात हलका गुन्हा. हलका म्हणजे माणसाला हलका करणारा. स्वतःच्या खाचेतसुद्धा कोणी बोट घालत नाही.

रिदेगला बोलावून आणले. त्याने दगड पाहिला. खाचेच्या एका कडेला चेपून बसवलेल्या त्या दगडाने बरोबर एक बोट जागा घेतली होती. गेजिरने माप घेतले नव्हते. आपल्या पिकाला किती पाणी कमी पडते हे त्याला शेतकऱ्याच्या अंदाजाने कळले होते, आणि अंदाज अचूक होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या सकाळी पाणी न्यायाने वाहत होते, आणि हे ओळखू शकेल असा तिथे एकच माणूस उभा होता.

शेतावरच्या देवळाच्या मांडवात सभा भरली. गेजिर म्हणाला, मी माझेच पाणी घेतले, मला कित्येक वर्षे कमी येते. मागून कोणीतरी विचारले, मग लाकूड खोटे बोलते का? लोक हसले. पेकासेहांनी रिदेगला एवढेच विचारले की, दगड कोणाच्या खाचेत होता.

"माझ्या," रिदेग म्हणाला.

उत्तर खरे होते. सभेला एवढेच लागत होते. गेजिरचे एका हंगामाचे पाणी बंद झाले आणि देवळाच्या शुद्धीचे सगळे साहित्य त्याने द्यायचे ठरले. तो हंगाम त्याची खाचरे पडीक राहिली. थोरला मुलगा दर्सना शाळा सोडून दक्षिणेला हॉटेलात भांडी घासायला गेला आणि पुढे जहाजावर लागला. वर्षातून एकदा येतो.

गेजिरला गावाने टाकले नाही. पण वाटेत दगड दिसला की कोणीतरी म्हणायचेच, "गेजिर, तुझं काहीतरी पडलंय बघ." गेजिर तो दगड उचलून कमरेच्या कापडात खोचायचा आणि म्हणायचा, बरं झालं सांगितलंत, शोधतच होतो. असे दोन-तीन वर्षे हसल्यावर लोकांना कंटाळा आला. त्याच्या बायकोला, मेन दर्सनाला, म्हणजे दर्सनाच्या आईला, हसता आले नाही. देवळात बायका मिळून नैवेद्याची पाने विणतात, तिथे ती यायची, कोपऱ्यात बसायची, आपल्या वाट्याचे विणायची आणि उठायची.

रिदेगने त्यानंतर गेजिरसाठी काय केले नाही? नांगरणीला आपले बैल दिले. रोपे उरली की त्याच्या बांधावर नेऊन ठेवली. सणाला डुक्कर कापले की चांगला वाटा त्याच्या घरी. गेजिरचे घर शाकारायला सगळ्यात आधी हजर. गेजिर त्याला लहानपणापासून ब्ली म्हणतो, म्हणजे दादा. तो चारचौघांत सांगायचा, ज्याचे पाणी चोरल्याचा ठपका माझ्यावर आला तोच माझ्या पाठीशी उभा राहिला, असा माणूस आहे हा. रिदेगला शिव्या चालल्या असत्या. या वाक्याला तो घाबरायचा. गेजिर बोलायला लागला की तो काहीतरी निमित्त काढून उठायचा.

अलीकडे आमच्या बांधांवरून पाहुणे फिरतात. गावातली एक मुलगी आणि जावई दोघेही वाटाडे आहेत. जावई पाहुण्यांना शेवटच्या लाकडापाशी आणतो, कारण तिथून उताराच्या सगळ्या पायऱ्या एका नजरेत दिसतात. रिदेग तिथे बसलेला असतोच. पाहुणे त्याचे फोटो काढतात. वाटाड्या त्यांना काय सांगतो हे रिदेगने एकदा विचारले. तो म्हणाला, सांगतो की इथे कुलूप नाही, पोलीस नाही, तरी कोणी कोणाचं पाणी घेत नाही, आणि ही खाच कोरणारे हेच ते आजोबा. पुढच्या वेळेपासून पाहुणे दिसले की रिदेग बदके हाकायच्या निमित्ताने खालच्या अंगाला उतरू लागला.

यंदा सभेने ठरवले की लाकडे पुरे, सगळी वाटपे सिमेंटची करायची. फणसाचे जुने झाड मिळत नाही आणि कोरणारी माणसे उरली नाहीत. सध्याचे पेकासेह गेदे मुर्दिता चाळिशीचे आहेत, घरी पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवतात. ते स्वतः रिदेगकडे आले आणि पेकाक, म्हणजे आजोबा, अशी हाक मारून म्हणाले, मापं तुमच्या हातची असू द्या, कोणी शंका काढणार नाही. एकदा ओतलं की तुमच्या पणतवंडांपर्यंत बघायला नको.

रिदेगला त्या रात्री, आणि पुढच्या चार रात्री, झोप लागली नाही. लाकूड कुजते. चाळीस वर्षे तो त्यावर विसंबून होता. कधीतरी हे लाकूड कुजेल आणि कधीतरी आपण ते नीट करू. सिमेंट कुजत नाही. त्याने सुक्रीला सांगितले. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली होती, आणि तिला हे पहिल्यांदा कळत होते. ती काही वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, मेन दर्सना माझ्याशेजारी बसायची तेव्हा मी थोडी सरकून बसायचे. हे मला आधी सांगायला हवं होतंस. 

त्याने मधला मार्ग काढला. काहीच न सांगता माप बरोबर करून टाकायचे. कोठाराच्या आढ्यातून त्याने बापाची काडी काढली, तिच्यावरून फळीच्या साच्यावर खुणा केल्या. चार आणि पाच. शेवटच्या वाटपाचा दिवस आला तेव्हा पाट वरून बंद केला होता. मुर्दिता, गवंडी पुतु अर्का, आणखी तिघेजण आणि दोन्ही हिस्सेदार जमले. गेजिर बांधावर उकिडवा बसून लवंगाची सिगारेट ओढत होता.

"ब्ली, माझी चार बोटं नीट मोज. तुझी बोटं म्हातारपणात वाळली आहेत."

अर्काने सिमेंट कालवले. साचा बसवण्याआधी सवयीने जुन्या लाकडावर ठेवून पाहिला. एक खाच जुळली, दुसरी जुळेना. त्याने साचा उलटा करून पाहिला. मग मुर्दितांकडे पाहून म्हणाला, पेकाकांची नजर गेली, स्वतःचंच बोटभर पाणी कापलंय. सगळे हसले. मुर्दिता म्हणाले, असू दे, लाकडावरून नवी खूण करून घे. अर्काने कानामागची पेन्सिल काढली.

रिदेगने साचा हातात धरून ठेवला. सोडेना.

"खूण बरोबर आहे," तो म्हणाला. "लाकूड चुकलंय."

मुर्दितांना वाटले, म्हातारा रागावला. ते समजुतीने म्हणाले, पेकाक, लाकूड तुम्हीच कोरलंय ना? रिदेग म्हणाला, म्हणूनच सांगतो. आणि मग त्याने ढलपीपासून सगळे सांगितले. पुरात गेलेले लाकूड, ठरलेला दिवस, दुसरे लाकूड, तिसरे, चौथे. बापाची काडी पुढे केली. तो गेजिरकडे न बघता बोलत होता.

अर्काने थापीने सिमेंट हलवून पाहिले. तो म्हणाला, सिमेंट घट्ट व्हायला लागलंय, काय ते ठरवा. मुर्दिता चुळबुळले. हा विषय सभेपुढे न्यायला हवा, पण उद्या एकशे चाळीस जण आपापल्या आज्याच्या काड्या घेऊन उभे राहतील, हे त्यांना आताच दिसत होते. आज लाकडाप्रमाणे ओतू, नंतर बघू, असे काहीसे ते पुटपुटले.

गेजिर उठून पाटात उतरला. सिगारेट त्याने विझवून कानावर ठेवली.

"तो दगड," त्याने विचारले, "बरोबर बसला होता ना?"

"बरोबर. एक बोट."

"म्हणजे मी चोर नव्हतो."

"नव्हतास."

"हे तुला त्याच सकाळी कळलं होतं?"

रिदेगने मान हलवली. गेजिर म्हणाला, मान हलवू नकोस, तोंडाने सांग.

"कळलं होतं."

गेजिरने साच्याकडे बोट केले आणि अर्काला म्हणाला, ओत, काडीप्रमाणे. मुर्दितांनी अडवले नाही. सिमेंट ओतून, कडा गुळगुळीत करून होईपर्यंत कोणी जागचे हलले नाही. तेवढ्या वेळात गेजिर बोलला तो बायकोविषयी.

"तिला मी किती वेळा सांगितलं, बाई, मी चोरी नाही केली. ती म्हणायची, केलीस तर केलीस, भूक होती. पण माझ्याशी खोटं बोलू नकोस. तेच शेवटपर्यंत म्हणत राहिली."

मेन दर्सना तीन वर्षांपूर्वी गेली. आमच्याकडे प्रत्येकाला लगेच अग्नी देणे परवडत नाही. माणसाला पुरतात आणि पाच वर्षांतून एकदा सगळा गाव मिळून सगळ्यांची हाडे काढतो आणि जाळतो. तोवर माणूस पुरता गेलेला नसतो. या वेळचे सामुदायिक दहन ऑगस्टात होते, म्हणजे दोन महिन्यांवर.

"ती अजून इथेच आहे," गेजिर म्हणाला. "चल. तिला सांग."

दुपारी तीनच्या सुमारास दोघे स्मशानात गेले. सुक्रीने भात, मीठ, थोडी कॉफी आणि फुले बांधून दिली होती. ती मात्र आली नाही. मेन दर्सनाची जागा रस्त्याकडच्या कुंपणाजवळ होती. बांबूच्या पाटीवरचे नाव पावसाने पुसट झाले होते. रिदेगने कॉफीची वाटी ठेवली, खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला की, मेन दर्सना, तुझ्या नवऱ्याने चोरी केली नव्हती.

"मोठ्याने बोल," गेजिर मागून म्हणाला. "तिला शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं."

रिदेगने पुन्हा सांगितले. रस्त्याने ओढ्यावर आंघोळीला निघालेल्या दोन बाया थांबल्या. गेजिर म्हणाला, नाव घे. कोणाच्या खाचेचं पाणी, कोणाच्या खाचेत गेलं, कोणी कोरलं, सगळं. तिसऱ्या वेळी रिदेग उभा राहून बोलला. मी, नेंगाह रिदेग, अमुक साली, अमुक लाकूड. सभेत मला विचारलं तेव्हा मी अर्धंच सांगितलं. त्याचा आवाज फाटला होता, पण रस्त्यापर्यंत पोहोचत होता. तोवर कुंपणापाशी सात-आठ माणसे उभी होती, आणि त्यांच्यात गेजिरला दगडावरून चिडवणारेही होते. त्यांच्यातला कोणी वर बघत नव्हता.

गेजिरने पाटीवरची माती तळहाताने पुसली. मग दोघे परत निघाले. गेजिर पुढे, रिदेग चार पावले मागे. वळणावर रिदेगने विचारले की, माझं अर्धं पीक या हंगामापासून तुझ्याकडे पाठवतो, चालेल का? गेजिर म्हणाला, नको, माझं पाणी आलं, पीक मी काढीन. थोडे पुढे गेल्यावर रिदेगने विचारले, ऑगस्टात येऊ का? हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही. दहनाला गावातल्या प्रत्येक पुरुषाला यावेच लागते.

"गावातला आहेस, येशीलच," गेजिर म्हणाला. "पण हाडं काढताना आत येऊ नकोस. ते घरच्या माणसांचं काम आहे. मी तुला घरचा समजत होतो."

पुढच्या सभेत गेजिरवरचा जुना ठराव रद्द झाला. रिदेगला काय शिक्षा द्यावी यावर अर्धा तास बोलणे झाले. शेवटी वय पाहून देवळाची शुद्धी त्याच्याकडे दिली आणि विषय मिटवला. सभा संपल्यावर कोणीतरी त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला.  त्याने न पिता खाली ठेवला आणि तो घरी गेला.

ऑगस्टात सदतीस जणांचे दहन झाले. आधीचे तीन दिवस रिदेग गावातल्या पुरुषांबरोबर बांबू चिरत होता, नारळ किसत होता, मांस कुटत होता. दर्सना जहाजावरून आला होता. त्याने रिदेगला नमस्कार केला आणि पुढे गेला. हाडे काढायच्या सकाळी सगळी घरे फावडी घेऊन आत गेली. रिदेगने रस्त्यावर मोटारसायकली थांबवायचे काम मागून घेतले. तो कुंपणाकडे पाठ करून उभा राहिला. मागून फावड्यांचा आवाज येत होता. त्यातला गेजिरचा कोणता, हे त्याला ओळखता येत नव्हते.